बुधवारची सर्दी

“एका नाकाला दोन रुमाल कशाला हो?” हातातली इस्त्री न थांबवता बायकोने विचारलं.

“सर्दी,” म्हणत तो दुकानाच्या पायऱ्या उतरला. दर बुधवारी सर्दी! थाप मारायची तर जरा बरी तरी मारावी. पण तेही त्याला कधी जमलं नव्हतं.

लाँड्री दोघांनी मिळून चालवलेली. धुणं त्याच्याकडे, इस्त्री तिच्याकडे. शुक्रवारी ती गुडघेदुखीने बेजार मावशीकडे जायची, तेव्हा इस्त्रीही तोच करायचा. बाळ पोटातच गेलं त्यानंतर दोघं गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरच्या डागांबद्दल तासन्‌तास बोलायची, बाळाचा विषय मात्र निघायचा नाही. ती घरात एकदाही रडली नव्हती. आपण रडलो तर तिचा बांध फुटेल, म्हणून तोही रडत नव्हता. झोप पार उडाली होती. एकदा तर धुण्याच्या चादरी तशाच पाण्यात ठेवून तो दुपारभर नुसता बसून राहिला. मग मात्र तो घाबरला आणि समुपदेशक बाईंचा पत्ता शोधून काढला.

बाईंसमोर तो पोटभर रडायचा. एक रुमाल भिजायचा, दुसऱ्याने तोंड पुसून माणसांत यायचा. आता झोप लागत होती, जेवणही जात होतं. धास्ती एकच. बायकोला कळलं तर? हाच असा मोडला तर मी कुणाकडे बघायचं, असं वाटेल तिला.

त्या बुधवारी तो बाईंच्या खोलीतून बाहेर आला आणि दारातच थबकला. समोर बाकावर बायको बसली होती.

“दुकान?” त्याच्या तोंडून एवढंच निघालं.

“बंद करून आले. म्हटलं, दुसरी कुणी असणार. म्हणून तुमच्या मागोमाग निघाले.”

“दुसरी? अगं, मला एकीला धड थापा मारता येत नाहीत!”

ती हसली नाही. मग त्याने सगळं सांगून टाकलं. बाळाचं, झोपेचं, चादरींचं. सांगता सांगता दुसरा रुमालही भिजला.

ती कोसळली नाही. तिने त्याचा हात घट्ट धरला आणि दोघं तिथेच, चार लोकांदेखत, हमसून हमसून रडली. कित्येक महिन्यांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

“पैसे कुठून आणलेत एवढे?” नाक ओढत तिने विचारलं.

“सिगारेट सोडली. आणि पहिल्याच दिवशी तोंड वर करून विचारलं, बाई, काही कमी होईल का? तुझ्यासारखा भिडस्त थोडाच आहे मी! अर्धीच फी घेतात.”

बायकोचं रडणं एकदम थांबलं.

“अर्धी?” ती म्हणाली. “आग लागो माझ्या भिडेला! माझ्याकडून दर शुक्रवारी पूर्ण घेतात!”