पट्ट्या दारातच काढाव्यात

कानामागची शामक पट्टी काढताना कातडी दोनेक मिलिमीटर वर उचलली जाते आणि मग टक् असा बारीक आवाज येतो. देवरुखच्या थिएटरच्या दारात, दुपारी तीनच्या खेळाला, हेमांगीने तो आवाज एकशे चौदा वेळा मोजला. पट्टी लावलेल्या माणसाला भीती वाटतच नाही. म्हणून तिच्या भयपटाला येणारे लोक पट्ट्या दारात काढून टोकन घेत होते, देवळाबाहेर चपलांचं घेतात तसं.

टोकनं देत होत्या द्वारकामावशी. युनिट अवघं सहा जणांचं, त्यामुळे सिनेमातली हडळही त्याच.

"मी उलट्या पावलांनी विहिरीवर येते, तेव्हा तुला काय होतं गं?" त्यांनी विचारलं.

"फ्रेम छान दिसते."

"डोंबल तुझी फ्रेम!"

हेमांगीची पट्टी सहाव्या वर्षापासून निघाली नव्हती. आपला सिनेमा घाबरवतो का, हे ती दोन वर्षं दुसऱ्यांनाच विचारत आली होती. शूटिंग संपलं की काढते, एडिटिंग झालं की काढते, असं सगळ्यांना सांगून झालं होतं.

आतून एक किंकाळी आली. मागोमाग सगळं थिएटर खदखदून हसलं.

"बघ, विहीर आली," मावशी खुशीत म्हणाल्या. "चल, मी शेजारी बसते. भीती वाटली तर माझा हात धर."

"हडळीचा?"

"मग काय झालं? ओळखीची आहे."

हेमांगीला हसू फुटलं. तिने केस कानामागून बाजूला केले.

"मावशी, एकशे पंधरावं टोकन द्या."