तिचं बाक

जुन्या कॅरॅव्हॅनमधली कुजलेली बाकं उपटून मी नवी केली. समोरासमोर दोन, मध्ये टेबल. झोपताना टेबल उतरवून दोन्ही बाकांवर टेकवलं की पलंग तयार.

बायकोचे पाय लोंबकळून सुजतात, म्हणून तिचं बाक चार बोटं बुटकं ठेवलं. आज टेबल टेकवलं, तर पलंग तिरका! गाढवासारखं हे आधी सुचलंच नाही.

दारात खुर्चीवर बसलेली ती हसली. काल डॉक्टरांनी तिची केमो थांबवली. घरी न्या, म्हणाले.

मी करवत उचलली. “माझंही बाक चार बोटं कापतो. मग निघू, तारकर्लीला.”

“नको,” ती म्हणाली. “माझंच उंच करा. बुटक्या पलंगावरून एकट्यानं उठायला तुमच्या गुडघ्यांना जमायचं नाही.”