लाल पट्टीच्या बाटल्या

आभाराच्या यादीतलं शेवटचं नाव कप्तानने खोडलं.

"शिपाईमामांचं का काढलंस?" गणित्याने विचारलं.

"उद्या सांगते."

संघात पाच जण. सगळ्यांत हट्टी ती, म्हणून कप्तान. आकडेमोड ज्याच्या गळ्यात पडली तो गणित्या. सात महिने या पाच जणांनी एकच ध्यास घेतला होता, गाईशिवाय दूध. दुधातलं प्रथिन बनवणारं जनुक यीस्टमध्ये घालायचं आणि मग ते प्रथिन यीस्टकडूनच काढून घ्यायचं. पाच महिने यीस्टने काही म्हणता काही दिलं नाही. मग एकदाचं नशीब उघडलं. लाल पट्टीच्या चारही बाटल्यांत प्रथिन सापडलं, पांढऱ्या पट्टीच्या एकीतही नाही. मार्गदर्शक मॅडमनी आनंदाने सगळ्यांना आइस्क्रीम खायला घातलं. ते अर्थात गाईचंच होतं.

परवा विज्ञान स्पर्धेची अंतिम फेरी. पहिल्या येणाऱ्या संघाला एका नामांकित प्रयोगशाळेत वर्षभर काम करायला मिळणार होतं. कप्तानला त्यापलीकडे दुसरं काही दिसत नव्हतं.

आणि नेमकं आता दुसऱ्या एका कॉलेजच्या संघाने तोच विषय जाहीर केला होता. जनुक तेच, पद्धत तीच. आतलं कुणीतरी फुटलं होतं.

बाटल्या ज्यात ठेवल्या होत्या त्या उबवणपेटीची नोंद कप्तानने काढली. पेटीचं दार कधी उघडलं, कधी लावलं, हे पेटी स्वतःच टिपून ठेवते. गेले दोन महिने रोज सकाळी सहा दहाला दार उघडत होतं. दोन मिनिटांनी बंद होत होतं. कॉलेज आठला सुरू होतं, आणि प्रयोगशाळेची किल्ली असते ती शिपाईमामांकडे.

मामांना सगळं ठाऊकही होतं, हे आठवून तिला स्वतःचाच राग आला. त्या वाईट दिवसांत ती एकदा प्रयोगशाळेतच हमसून हमसून रडली होती. मामांनी फरशी पुसायची थांबवून पाणी दिलं, काय बिनसलं ते विचारलं, आणि हिने नाक पुसत सगळं सांगून टाकलं. लाल पट्टीच्या बाटल्यांत दूध तयार व्हायला हवं, पांढऱ्या पट्टीच्या नुसत्या तुलनेला, त्यात काही झालं तर उलट घोटाळाच. मामांनी ते इतकं मन लावून ऐकलं होतं की आता त्याचाच तिला संशय येत होता.

हल्ली त्यांचं वागणंही बदललं होतं. साखर कमी चालेल पण दूध दाट हवं म्हणणारा हा माणूस आजकाल कोरा चहा प्यायचा. कारण विचारलं तर म्हणायचे, "वय झालं." आणि विषय बदलायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती व्हरांड्यातल्या कपाटामागे उभी राहिली. मामा आले. हातात तो पोचे आलेला थर्मास. कुलूप उघडून आत गेले, दिवा लावला, पेटी उघडून वाकले. दाराच्या काचेतून तिला फक्त त्यांची रुंद पाठ दिसत होती. थोड्या वेळाने बाटल्या हलायला लागल्याचा आवाज आला.

ती धाडकन आत शिरली. "मामा, काय चाललंय हे?"

मामा इतके दचकले की थर्मासचं झाकण हातातून निसटलं. "काही नाही, ताई. पहाटे वीज जाते. आली तरी हे बाटल्या हलवायचं यंत्र आपणहून सुरू होत नाही. बटण आत आहे, ते दाबतो."

"रोज?"

"रोज. बाटल्या हलल्या नाहीत तर तुमचं सगळं तळाला बसेल ना."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"तुमच्या डोक्याला आधीच कमी ताप आहे का?" तिच्याकडे न बघता त्यांनी झाकण उचललं आणि घट्ट लावलं.

तिने नोंद पुन्हा तपासली. रोज पावणेसहाच्या सुमाराला वीज गेलेली. मामांचा शब्द न् शब्द खरा. दुपारी मॅडम ओशाळून म्हणाल्या, "अगं, त्या कॉलेजला आपल्या कामाचं मीच सांगितलं, परिषदेत. भरात बोलून गेले."

कप्तानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याने दोन महिने गाजावाजा न करता आपलं काम जगवलं, त्याला आपण चोर ठरवून मोकळे झालो! तिने मामांचं नाव यादीत परत घातलं. शेवटी नाही, सगळ्यांत वर.

अंतिम फेरीत त्यांचा पहिला नंबर आला. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. गणित्याने तर परीक्षकांनाच मिठी मारली. आभाराची यादी पडद्यावर आली तेव्हा कप्तान पुढे झाली. "हे दूध गाईचं नाही," ती म्हणाली, "हे आमच्या मामांचं आहे." आणि तिने मामांना हात धरून मंचावर आणलं.

मुख्य परीक्षकांनी माइक त्यांच्या हातात दिला. "दोन शब्द बोला."

इस्त्रीचा शर्ट घातलेले मामा लाजून चूर झाले. "मी काय बोलणार? डोकं पोरांचं. माझं नुसतं बटण."

सगळे हसले. पुन्हा टाळ्या. मामांना जरा धीर आला. ते कप्तानकडे वळले, आणि माइक तोंडाशीच आहे हे विसरून हळूच म्हणाले, "आता काम फत्ते झालं, तर सांगूनच टाकतो, ताई. दह्याला विरजण लागतं, मग दुधाला नको? म्हणून माझ्या चहातलं चमचा चमचा दूध रोज घालत होतो. तापवून, साय काढून. आणि फक्त लाल पट्टीच्याच बाटल्यांत."