वारंगुळ्याची पाळी

रानात जेमतेम ओल उरली होती. नव्या लातूर जिल्ह्याचा शेतीसाहेब म्हणाला होता, ज्वारी झिंकच्या पाण्यात भिजवून पेरा, कमी ओलीतही रोप जोमानं येतं. शेषेरावनं प्यायच्या घागरीतलं पाणी घालून बी भिजवलं. एक बैल त्याचा, एक शेजारच्या सटवाजीचा, अशी वारंगुळ्याची जोडी; पाळीपाळीनं दोघांची रानं करायची. आज पाळी शेषेरावची. सकाळी सटवाजी आला तो एकटाच, हातात नुसतं दावं. “कडबा सरला व्हता. राती बैल बसला, उठलाच न्हाई.” शेषेरावच्या बायकोनं ओटीतलं बी मुठीत घेतलं. दाणे टरारून फुगले होते. “आज न्हाई पेरलं तर हे सडंल वो!” “पाळी तुझीच हाय, शेषेराव,” म्हणत सटवाजीनं जुवाखाली स्वतःची मान घातली. शेषेरावनं त्याला ओढून पाहिलं, तो हलेना. तिफण निघाली. जोडीला माणूस बघून बैल थबकला, मग त्यानं पाऊल आखूड केलं.