चपटी टिकली

मोन्टानातल्या आमच्या रँचवर काडतुसे मीच घरी दारू मोजून भरते. माझ्या रायफलीत ती बिनतक्रार चालतात. शिकारीच्या आदल्या दिवशी सून मार्लिसने त्यातलेच एक आपल्या रायफलीतून झाडले आणि रिकामे काडतूस काढायचा मागचा दांडा, बोल्ट, काही केल्या उघडेना.

“मनगटात जोर लागतो गं, तो काही रश्श्यातला डाव नव्हे!” मी सर्वांदेखत सुनावले.

तिने बोल्ट ठोकून उघडला आणि रिकामे काडतूस माझ्या हातावर ठेवले. बुडाची, ठिणगी पाडणारी टिकली दाबाने पार चपटी झाली होती. माझे दारूचे माप तिच्या रायफलीला झेपत नव्हते, ती फुटूही शकते, हे मला तत्क्षणी कळले. तरी मी मूठ मिटून घेतली.

“आईचं काडतूस कधी चुकत नाही,” म्हणत मुलगा लायलने तिच्याच रायफलीत दुसरे भरले आणि ती खांद्याला लावली.



“ठेव खाली, लायल! आई चुकलीय,” मी ओरडले.