कोरडे हात

“नाही घालणार पाणी. जा!”

सुभद्राबाईनं दारातला पडदा सर्रकन ओढला. बाहेर भाईदास भरलेला तांब्या घेऊन तसाच उभा. त्याच्यामागे हिलालभाऊ, आणि त्यांच्यामागे तमाशा बघायला जमलेली सुरतेतल्या लिंबायतची अर्धी गल्ली.

योगिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मांडीवर तीन महिन्यांचं पोर. ते जन्मायच्या आधीच त्याचा बाप गेला. धर्मेंद्र पांडेसऱ्याच्या डाईंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, कामाला होता. रंगाच्या मोठ्या ड्रमात उतरून तो साफसफाई करत होता, आणि भाईदासनं न बघता ड्रम फिरवायचं बटण दाबलं. भाईदासनं स्वतःच चर्चच्या मंडळीपुढं रडत रडत तसं कबूल केलं होतं.

नवापूरकडून आलेल्या या मंडळीची एक जुनी रीत होती. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, लागला, की ज्याचं चुकलं त्यानं पाण्याचा तांब्या घेऊन समोरच्याच्या दारात जायचं. समोरच्यानं त्याच्या हातांवर पाणी घालायचं. पाणी पडलं की विषय मिटला, पुन्हा कुणी काढायचा नाही. नाताळपर्यंत पाणी पडलं नाही तर दोन्ही घरांना चर्चमधलं प्रभुभोजन बंद. आणि पाळक लक्ष्मणरावांनी स्पष्टच सांगितलं होतं, अशा घरातल्या लेकराचा बाप्तिस्माही होणार नाही.

योगिताला तर बाप्तिस्मा याच नाताळला हवा होता. धर्मेंद्रची तेवढी एकच इच्छा तिच्या हातात उरली होती.

“आई, माणूस बाहेर रडतोय. काळीज आहे की दगड?”

“दगड म्हण,” सुभद्राबाई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. प्लेगच्या वर्षी सगळी गल्ली गावाकडं पळाली, तेव्हाही ही बाई जागची हलली नव्हती. ती आता सुनेचं काय ऐकणार!

पुढच्या रविवारी भाईदास पुन्हा आला. या खेपेला सुभद्राबाई उंबऱ्यापर्यंत आली.

“माझा पोरगा शेवटी काय बोलला? तेवढं सांग, लगेच घालते पाणी.”

भाईदासनं मान खाली घातली. “ध्यानात नाही मावशी. मशीनचा आवाज होता.”

“मग आठव आणि ये.”

हिलालभाऊंनी कपाळाला हात लावला. ते मंडळीतले वडीलधारे, शिवाय त्याच डाईंगमध्ये सुपरवायझर. भाईदासला आणि धर्मेंद्रला कामाला लावलं ते त्यांनीच. धर्मेंद्र त्यांना काका म्हणायचा. “त्या दिवशी मी नवापूरला लग्नात होतो, वहिनी. मी असतो तर माझ्या लेकरावर ही वेळ येऊ दिली असती का?” असं ते दर वेळी म्हणायचे आणि म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे. मयताची पेटी त्यांनी आणली, बाळंतपणाला रिक्षाही त्यांनीच आणली. निदान त्यांच्या शब्दाला तरी सासूनं मान द्यावा, असं योगिताला वाटायचं.

तिसऱ्या रविवारी तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच पडदा. नळावरच्या बायका योगिताशी बोलेनाशा झाल्या. त्या दिवशी ती सासूवर तुटूनच पडली.

“ते शब्द ऐकून काय मिळणार आहे? त्यानं माणूस परत येणार आहे?”

“मला ऐकायचेत.”

“आणि माझ्या पोराचं काय?”

“माझाही नातू आहे तो. गप बस.”

आगमनकाळाचा शेवटचा रविवार उजाडला. पत्र्याच्या शेडमधलं ते चर्च गच्च भरलं होतं. चौथी मेणबत्ती पेटली. लक्ष्मणरावांनी भाईदासला पुढं बोलावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “सुभद्राबाई, पश्चात्ताप केलेल्या माणसाला लाथाडून तुम्ही कोणत्या तोंडानं नाताळ करणार?”

सुभद्राबाई उठली. पदर खोचून ताठ मानेनं पुढं गेली. तिनं भाईदासच्या हातातून तांब्या घेतला, तशी माणसं “हालेलूया” म्हणाली. योगितानं पोराला छातीशी धरलं. सुटलो एकदाचे!

भाईदासनं ओंजळ पुढं केली.

“काय बोलला माझा धर्मेंद्र?” सुभद्राबाईनं विचारलं.

“नाही हो आठवत, मावशी...” तो हुंदके देऊ लागला.

“मग पाणी नाही.”

“अहो, पुरे झालं आता!” हिलालभाऊ ताडकन उठले. रागानं त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. “किती छळाल त्या गरिबाला? ‘काका, मी आत आहे!’ एवढंच ओरडला तो! झालं समाधान? आता घाला पाणी आणि मिटवा!”

योगिताची मान गर्रकन त्यांच्याकडं वळली. हे तर त्या दिवशी नवापूरला होते ना?

सुभद्राबाईनं डोळे मिटले. ते शब्द ओठांतल्या ओठांत एकदा म्हटले. मग भाईदासच्या बाजूनं ती पुढं गेली आणि भरलेला तांब्या घेऊन हिलालभाऊंसमोर उभी राहिली.

“करा हात पुढं.”