शर्टाचं टोक

हरणावरचा नेम चुकला, की त्या शिकाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक सगळ्यांदेखत कापायचं, ही पेन्सिल्व्हेनियातली जुनी रीत. गेल्या हंगामात डार्लाचा शर्ट कापला गेला, आणि वर्षभर दिराने तिला टोमणे मारले. यंदा उसनी रायफल नको, म्हणून चारशे डॉलर साठवून तिने दुकान गाठलं.

"एवढ्या पैशांत नवी नाही यायची, पोरी," म्हातारा दुकानदार ऑर्विल म्हणाला. "ही माझी वापरलेली घे. डोळे झाकून गोळी झाडलीस तरी हरीण आडवं!"

"मग विकताय कशाला?"

"वय झालं गं. आता मुक्या जिवांची दया येते."

डार्ला विरघळली. तिने पैसे मोजून दिले. ऑर्विल काडतुसं काढायला पाठमोरा झाला.



त्याचा शर्ट मागून कमरेपर्यंतच होता; खालचं टोक कापलेलं.